खिडकीला बांधलेली तक्रार

टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी करते असं सांगितलं की समोरचा माणूस मूठ कानाला लावून दाखवतो आणि विचारतो, "म्हणजे हॅलो-हॅलो?" नाही. बावीस वर्षांत मी कुणाचा ट्रंक कॉल जोडून दिलेला नाही आणि कुणाचं गुपित तारेवरून ऐकलेलं नाही. हॅलो-हॅलोवाल्या मुली वरच्या मजल्यावर बसतात. लोक त्यांच्याशी गोड बोलतात, कारण त्यांना कॉल हवा असतो. मी खालच्या मजल्यावर बिलांच्या तक्रारींच्या खिडकीत बसते. माझ्याकडे माणूस येतो तेव्हा त्याच्या हातात बिल असतं, आणि गोडवा घरी राहिलेला असतो.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणाले, तेव्हा वाटलं, बिलांबद्दल कोण वाचणार? मग आठवलं की वाचणार नाहीत, पण भांडायला मात्र सगळे येतील. विशेषतः भाड्यावरून.

कॉल जास्त लागले ही तक्रार मला कधीच अवघड वाटली नाही. मी रजिस्टर काढायची, तारखा वाचायची, आणि दोन-चार तारखा ऐकल्यावर त्या गृहस्थांना आपला मेहुणा कधी मुक्कामाला होता ते आठवायचं. ते आपणहून घरी जायचे. पण भाडं? कॉल करा की करू नका, दर बिलात भाडं असतंच, आणि तेही आगाऊ. हे मात्र नागपूरकरांच्या गळी उतरवणं म्हणजे मे महिन्यात स्वेटर विकणं.

धरमपेठेतले एक निवृत्त इंजिनिअर होते. त्यांचं म्हणणं, मी कुणालाच फोन करत नाही, सगळे मलाच करतात, तर भाडं त्यांच्याकडून घ्या. त्यांनी नावांची यादीही आणली होती. दुसऱ्या एक बाई मुलाकडे पुण्याला चार महिने राहून आल्या. पूर्वी फोनच्या तबकडीला एक छोटं कुलूप लावत, म्हणजे शेजारच्यांनी परस्पर फोन करू नये. त्यांनी त्या कुलपाची किल्ली माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "ही माझ्या पर्समध्ये होती. मग भाडं कशाचं?" आणि महाल भागातले एक वकील लग्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आले. त्या काळात सगळ्या गल्लीत मिळून चार-पाच फोन. ज्यांच्याकडे नसे ते शेजाऱ्याचा नंबर पत्रिकेवर छापून पुढे 'पी.पी.' लिहीत, म्हणजे फोन त्यांच्या घरी करा, ते हाक मारतील. वकिलांच्या नंबरावर अकरा कुटुंबांनी पी.पी. छापलं होतं. पत्रिका पुरावा म्हणून दाखल करून त्यांनी मागणी केली की भाड्याचे बारा भाग करावेत.

या सगळ्यांना मी एकच उत्तर देत असे, आणि खरं सांगते, ते देताना मला थोडी ऐटही वाटे. मी म्हणायची, तुमच्या घरापासून आमच्या एक्स्चेंजपर्यंत तांब्याच्या दोन बारीक तारा आहेत. त्या फक्त तुमच्या. तुम्ही बोलत नसता तेव्हाही त्या दुसऱ्या कुणाला देता येत नाहीत. पलीकडे एक यंत्र तुम्ही कधी रिसीव्हर उचलाल याची वाट पाहत बसलेलं असतं. बोलण्याचे पैसे वेगळे. भाडं आहे ते या वाट पाहण्याचं.

एवढं ऐकलं की माणसं खिडकी सोडत. पटलं म्हणून नव्हे, मागची रांग चुळबुळ करी म्हणून. पण मी जिंकले असं धरून चालत असे. दौलतराव येईपर्यंत.

दौलतरावांचा बँड होता. लग्नाच्या वराती, गणपती, कुणाच्या निवडणुकीचा जल्लोष, सगळीकडे जायचा. सत्तरच्या दशकातली गोष्ट. दिवाळी तोंडावर होती. सोमवारी सकाळी एक सायकलरिक्षा आमच्या दारात थांबली आणि तिच्यातून बँडचा मोठा ढोल उतरला. त्याच्यामागून एक किरकोळ अंगाचे, पन्नाशीचे गृहस्थ. ढोल त्यांनी थेट माझ्या खिडकीसमोर आणून टेकवला. त्याच्या कातड्यावर लाल रंगात बँडचं नाव आणि खाली टेलिफोन नंबर, हातभर उंचीचे आकडे.

"हा नंबर तुम्ही कापून राहिले," ते म्हणाले. "आता हे कातडं बदलू का सांगा."

मी नोटीस पाहिली. भाडं भरलेलं नव्हतं. शनिवारपर्यंत न भरल्यास फोन तोडण्यात येईल. आणि एकदा तोडला की नंबर गेला. तो प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला मिळणार, आणि ती यादी एवढी लांब होती की लोक मुलगा झाला की त्याच्या नावानं अर्ज टाकतात असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो. तुळशीचं लग्न झालं की माणसांची लग्नं सुरू. त्या चार महिन्यांवर दौलतरावांच्या चौदा वाजंत्र्यांचं वर्ष निघायचं. विदर्भभर लोकांकडे हा नंबर होता. तो गेला तर ऐन मोसमात बँड मुका.

"भाडं का भरलं नाही?" मी विचारलं.

"फोन मेलेला हाय. दोन महिने झाले."

म्हणजे बंद पडलेला फोन आम्ही बंद करणार होतो. हे मलाही जरा अति वाटलं. तरी मी माझं तांब्याच्या तारांचं भाषण केलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मी त्यांच्याच धंद्यातलं उदाहरण दिलं. लग्नाची तारीख धरताना तुम्ही बयाना घेता ना? नवरदेवानं ऐनवेळी लग्न मोडलं तर परत देता का?

"नाई देत. ती तारीख मी त्याच्यासाठी राखून ठेवली होती. दुसऱ्याले नाही म्हटलं."

"तसंच आमचं भाडं," मी म्हणाले. मला फार बरं वाटलं. मागच्या रांगेतले दोघे तर चक्क हसले.

दौलतरावांनी ढोलावर बोटांनी हलकं टकटक केलं. "आणि माहा बँडच लग्नाले पोहोचला नाही तं? तरी बयाना ठेवून घेतो का मी? वापस करतो, बाई. वरून शिव्या खातो."

यावर मी नियमांचं पुस्तक उघडलं. फोन आमच्या दोषानं आठवडाभराच्या वर बंद राहिला तर तेवढ्या दिवसांच्या भाड्यात सूट मिळते. फक्त तक्रार नोंदलेली पाहिजे, आणि दिवस मोजायचे ते नोंदीच्या तारखेपासून. प्रत्येक फोनचं एक फॉल्ट कार्ड असतं. तक्रार आली की त्यावर तारीख पडते. मी दौलतरावांचं कार्ड मागवलं. कार्ड कोरं. दोन महिनेच नव्हे, चार वर्षं कोरं.

"तुम्ही तक्रारच केलेली नाही," मी म्हणाले.

"काहून? दोन महिन्यांपासून लटकून हाय ना तक्रार."

"कुठे?"

"खिडकीले."

मला वाटलं, माणूस माझी फिरकी घेतोय. पण ते गंभीर होते. त्यांच्या भागाचे लाइनमन नेवारे. नेवारेंनीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की फोन बंद पडला तर ऑफिसात जाऊ नका. ऑफिसात गेलं की कागद होतो, आणि कागद झाला की त्याला महिना लागतो. त्यापेक्षा रस्त्यावरच्या खिडकीला एक रुमाल बांधा. मी सायकलवरून रोज जातो, दिसला की खांबावर चढतो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी महालातली ती गल्ली पाहून आले. खिडकीत बसून नियम सांगायला माझी हरकत नसते, पण एकदा शंका आली की मला जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. गल्लीत पाच घरांत फोन होते. पाचही घरांच्या खिडक्यांना कापड बांधलेलं. एका ठिकाणी पंचा, एका ठिकाणी साडीचा काठ, दौलतरावांच्या खिडकीला बँडच्या फेट्याची लाल पट्टी, उन्हानं गुलाबी झालेली. सगळ्यांची गाठ वरच्या गजाला. का, ते दौलतरावांच्या बायकोनं मला समजावलं. वाळत घातलेला कपडा पसरलेला असतो, तक्रारीला गाठ असते.

नेवारे कुठे होते? आमच्याच ऑफिसनं त्यांना शहराबाहेर, कन्हानला, नव्या केबलच्या कामावर पाठवलं होतं. त्यांच्या जागी जो लाइनमन आला होता, त्याला मी नंतर विचारलं. रुमाल त्याला रोज दिसत होते. तो म्हणाला, "मले वाटलं, गल्लीनं नवस बोलला असन." आणि खांब ओलांडून तो पुढे जात असे, बहुधा नमस्कार करून.

या गल्लीतच आमचे लग्नपत्रिकावाले वकीलही राहत. त्यांचाही फोन मेलेला, त्यांच्याही खिडकीला रुमाल. पण त्यांनी भाडं वेळेवर भरलं होतं. मी विचारलं, तुम्ही कसे गप्प बसलात? ते आजूबाजूला पाहून हळूच म्हणाले, "दोन महिने झाले, घरात कुणी फोन करायला आलं नाही. जेवण गरम मिळून राहिलं. भाडं वसूल झालं बाई."

त्याच दुपारी मी स्वतः पाचही फोनांच्या तक्रारी नोंदवल्या. बुधवारी सकाळी फोन सुरू झाले. नळाच्या खोदकामात केबलचा जोड उखडला होता, अर्ध्या दिवसाचं काम. पण मागच्या दोन महिन्यांचं काय? नोंद मंगळवारची. त्याआधीचं भाडं नियमानं देय, आणि ते दौलतराव देणार नव्हते. मी सुचवून पाहिलं की आता भरून टाका, मोसम निघून जाईल. ते म्हणाले, "पैशाचा सवाल असता तं ढोल कशाले आणला असता? लोकायले मी काय सांगू, की टेलिफोनवाल्यांचा बँड आला नाही अन् बयानाही मीच देल्ला?"

बुधवारी संध्याकाळी नेवारेंना कन्हानहून बोलावून घेतलं. चाळिशीतला माणूस, पायांना सायकलच्या चिमट्यांचे वळ कायमचे. मी त्यांना सरळ विचारलं की हे लिहून द्याल का. लिहून दिलं तर ग्राहकाला सूट मिळू शकते. पण तक्रारी परस्पर मिटवल्याबद्दल तुमच्यावर कारवाईही होऊ शकते, हेही सांगितलं. पुढच्या वर्षी त्यांची बढतीची परीक्षा होती.

"मी लोकायच्या सोयीसाठी केलं," ते म्हणाले.

"आणि तुमच्याही."

"हाओ. माह्याही." मग ते म्हणाले, "अन् तुमच्याही बाई."

ते मला टोमणा मारत नव्हते, पण तो लागला. कारण आदल्या वर्षी शहरात सगळ्यात कमी तक्रारींचा भाग म्हणून नेवारेंच्या भागाचं कौतुक झालं होतं. त्यांना प्रशस्तिपत्र मिळालं, साहेबांना वरून शाबासकी. त्या प्रशस्तिपत्राचा मसुदा मी केला होता. चार वर्षं कोरी कार्डं माझ्यासमोरून गेली. एवढ्या जुन्या वस्तीत, एवढ्या जुन्या तारांवर, एकदाही फोन बंद पडत नाही? ज्या बाईला मेहुण्याचा मुक्काम कॉलांवरून कळतो, तिला हे कळू नये? कळलं असतं. मी पाहिलं नाही, कारण कोरं कार्ड फाइल करायला सोपं असतं.

नेवारेंनी कागद मागून घेतला आणि माझ्याच टेबलाशी बसून लिहिलं. चार ओळी होत्या. सदर ग्राहकांनी तक्रार मी सांगितल्या पद्धतीनं वेळेवर केली होती. रुमाल मी पाहिला नाही, कारण मी कन्हानला होतो. मी असतो तर पाहिला असता. सही.

इतकं नेमकं निवेदन आमच्या खात्यात माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

शुक्रवारी मी फाइल घेऊन साहेबांकडे गेले. साहेब वाईट नव्हते, फक्त त्यांना कागदावर भानगड आलेली आवडत नसे. त्यांनी निवेदन दोनदा वाचलं आणि विचारलं, "बाई, हा रुमाल मी कोणत्या रजिस्टरात चढवू?"

मी म्हणाले, "तक्रार कशी करायची हे ग्राहकाला आपल्याच माणसानं सांगितलं. त्यानं तशी केली. आपल्या माणसाला आपणच कन्हानला पाठवलं. यात ग्राहकाची चूक कुठली, ते मला दाखवा, मी तसं पत्र लिहिते."

"नियम नोंदीचा आहे."

"मग नोंद का झाली नाही, हे वर कळवावं लागेल. आणि मग चार वर्षं का होत नव्हती, हेही."

साहेबांची नजर भिंतीवरच्या शाबासकीच्या चौकटीकडे गेली. मीही तिकडेच पाहत होते, मुद्दाम. मग त्यांनी पेन उघडलं आणि लिहिलं, 'विशेष बाब म्हणून मंजूर'. नेवारेंचं निवेदन मात्र फाइलला न लावता त्यांनी टेबलाच्या खणात टाकलं. तोडणीच्या यादीतून दौलतरावांचं नाव मी शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता स्वतः जाऊन कापून आले.

गल्लीतल्या बाकीच्यांनाही मी अर्ज करायला लावले. तिघांना सूट मिळाली. वकिलांनी अर्ज केला नाही. उलट पुन्हा दोन महिने बंद ठेवण्याची काही सोय आहे का, ते विचारून गेले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण साहेबांनी एक परिपत्रक काढलं. यापुढे प्रत्येक तक्रार नोंदलीच पाहिजे, खिडक्या-रुमाल बंद. योग्यच होतं. गल्लीनं शहाण्या मुलासारखं ऐकलं. जरा खरखर झाली की नोंद, घंटी बारीक वाजली की नोंद. नेवारे पूर्वीसारखेच त्याच दिवशी जाऊन दुरुस्ती करत होते. पण सहा महिन्यांनी तक्ता बनला तेव्हा शहरात सगळ्यात कमी तक्रारींचा भाग सगळ्यात जास्त तक्रारींचा झाला होता. नेवारेंना कामात हयगय केल्याचा मेमो निघाला. माणूस तोच, सायकल तीच, तारा त्याच.

त्या मेमोचा मसुदाही माझाच. मी तोंडी सांगून पाहिलं, साहेब म्हणाले, आकडे आकडे आहेत. मी हट्टानं अडून बसायला हवं होतं, बसले नाही. मेमो लिहिला, आणि भाषा चांगली होती. नेवारेंची बढती एक वर्षानं पुढे गेली.

मेमो निघाल्यावर पंधरा दिवसांनी दौलतराव खिडकीत आले, या वेळी ढोलाशिवाय. मोसम चांगला गेला होता. बिल भरलं, पावती घेतली, आणि तिथेच उभे राहिले.

"नेवारेले मेमो काहून देल्ला?"

मी आकड्यांचं सांगितलं. सांगताना मलाच ते पटत नव्हतं, आणि त्यांना ते दिसत होतं.

"आमी गल्लीत बैठक घेतली," ते म्हणाले. "आता असं ठरलं, दोन दिवस रुमाल, तिसऱ्या दिवशी कागद. नेवारे दोन दिवसांत येतेच. नाईच आला, तं तिसऱ्या दिवसापासून तुमची नोंद अन् आमची सूट."

"पण पहिल्या दोन दिवसांचं भाडं तुमचं बुडेल ना. नोंद नाही तर ते दिवस धरता येत नाहीत."

"माहीत हाय." पावतीची घडी खिशात घालत ते म्हणाले, "ते दोन दिवस आमच्याकडून."

बंदी असलेली पद्धत माझ्या तोंडावर सांगून माणूस निघून गेला. मी ते साहेबांना कळवायला हवं होतं. मी खिडकीची फळी लावली आणि जेवायला गेले.

अजूनही लोक विचारतात, बाई, खरं सांगा, भाडं योग्य आहे का? मी तांब्याच्या तारांचं सांगतेच, ते खोटं नाही. पण आता बयान्याचंही सांगते, दोन्ही बाजूंनी. बँड आला नाही तर बयाना परत, आणि तो मागायला ढोल घेऊन यायची वेळ गिऱ्हाइकावर येऊ नये.

गेल्या वर्षी माझ्याही घरी फोन बसला. नेवारे अलीकडे बदली होऊन आमच्याच वस्तीच्या लाइनवर आलेत. केस पांढरे झाले आहेत, सायकल मात्र बदललेली नाही. मागच्या आठवड्यात फोन अचानक मेला. यजमान म्हणाले, तुझंच खातं, कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन करून तक्रार नोंदवून ये, नाहीतर भाडं जाईल. नियम मला त्यांच्यापेक्षा जास्त पाठ आहेत.

मी कपाटातून एक धुतलेला रुमाल काढला आणि रस्त्यावरच्या खिडकीशी गेले. वरच्या गजाला गाठ मारली. दोन दिवस आमच्याकडून.